अथेन्समध्ये अनवाणी

मागच्या वर्षी भाद्रपदात माझ्या आईचं हृदयाचं ऑपरेशन मी दोनदा पुढे ढकलायला लावलं. नातेवाइकांची समजूत अशी झाली की पितृपक्ष चालू आहे म्हणून आम्ही थांबलो आहोत, आणि ती समजूत मी दूर केली नाही. खरं कारण एवढंच होतं की मला डॉक्टरांना अजून काही प्रश्न विचारायचे होते. आई पुण्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे, मंगलकडे राहते आणि मी नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात. आईच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती आणि ती बदलायची होती. डॉक्टर म्हणत होते, लवकर करा. मी म्हणत होतो, आधी मला नीट समजू दे.

नीट समजून घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. चिप बनवण्याची जी मोठी यंत्रं आमच्या भागात तयार होतात, ती बिघडण्याआधी कुठे कुठे बिघडू शकतील याची यादी करायची, हे मी सतरा वर्षं करत आलो आहे. ही सवय संध्याकाळी ऑफिसच्या दारात ठेवून सायकलवर बसता येत नाही. आईचे रिपोर्ट येत गेले तसे मी प्रश्न काढत गेलो. झडप कुठल्या प्रकारची, ती किती वर्षं टिकते, भूल कोण देणार, या वयात ती कितपत सोसते. एकाचं उत्तर आलं की त्यातून दोन नवे निघायचे. इथल्या आमच्या घरच्या डॉक्टरीणबाईंची, त्यांना हाउसआर्ट्स म्हणतात, दहा मिनिटांची वेळ घेऊन मी सगळे कागद त्यांच्यापुढे मांडले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी हृदयाची डॉक्टर नाही. पण तुमच्या आईच्या डॉक्टरांवर तुमचा विश्वास का नाही?" त्यावर घरी येऊन मी पुण्यातल्या आणखी एका डॉक्टरांचं मत मागवलं.

शेवटी मंगलचा बांध फुटला. ती एरवी माझ्यावर आवाज चढवत नाही. त्या दिवशी म्हणाली, "दादा, तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकणं आता पुरे. आई म्हणते, तू आल्याशिवाय ती फॉर्मवर सही करणार नाही. मंगळवारची तारीख मिळालीय. ती चुकली तर डॉक्टर तीन आठवडे गावात नाहीत, आणि तेवढा वेळ आपल्याकडे आहे असं ते म्हणत नाहीयेत. तू ये, नाहीतर फोन तरी करू नकोस." फोन स्पीकरवर होता. माझी पंधरा वर्षांची मुलगी सई समोर जेवत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंड इंग्रजीतच उघडतं. "बाबा, जस्ट गो," ती म्हणाली आणि पुन्हा जेवायला लागली.

नवरात्र लागलं होतं, सणाचे दिवस, सगळी विमानं भरलेली. एकच तिकीट मिळालं. रविवारी पहाटे स्खिपोल विमानतळावरून अथेन्स, तिथे दहा तास मुक्काम, मग संध्याकाळच्या विमानाने मुंबई. सोमवारी सकाळी मुंबई, दुपारी पुणे, मंगळवारी सकाळी ऑपरेशन. मी तीनदा हिशेब करून पाहिला, अर्ध्या दिवसाची सवड राहत होती. माझी बायको अनघा मला विमानतळावर सोडायला आली. मी उतरताना तिने तिच्या नेहमीच्या कोरड्या सुरात सांगितलं, "दहा तास तिथे खुर्चीत बसून स्वतःचं डोकं खाऊ नकोस. बाहेर पड, गाव बघ. अडीच हजार वर्षांचं आहे, तुझ्या प्रश्नांनी त्याचं काही बिघडणार नाही."

म्हणून मी अथेन्स पाहिलं. पाहिलं म्हणजे त्यातून चाललो. मेट्रोने गावाच्या मध्यात उतरलो तेव्हा बारा वाजत आले होते आणि ऊन सोसवण्यासारखं होतं. टेकडीवरचं ते प्रसिद्ध देऊळ खालूनच दिसलं, त्याच्या शेजारी दुरुस्तीची क्रेन उभी होती. माझं लक्ष देवळापेक्षा क्रेनकडे जास्त वेळ होतं, हे कबूल करायला हरकत नाही. खाली जुन्या बाजारपेठेचे अवशेष, मोडके खांब, त्यांच्या सावलीत लोळणारी मांजरं, रस्त्याच्या कडेला संत्र्याची झाडं. लोक फोटो काढत होते, मीही दोन काढले आणि घरी पाठवले. पण मन कशाला चिकटत नव्हतं. हे खांब उभे करणाऱ्यांच्याही आया आजारी पडल्या असतील, त्यांनीही कुणा वैद्याचे पाय धरले असतील, एवढाच एक विचार येऊन गेला आणि तोही मी पुढे नेला नाही. मला फक्त संध्याकाळ व्हायला हवी होती.

गल्ल्यांमधून फिरताना एक लहानसं चर्च लागलं. आपल्याकडच्या एखाद्या वाडीतल्या देवळाएवढंच, बसकं आणि जाड भिंतींचं. भिंतीत जुन्या देवळांचे कोरीव दगड जसे मिळाले तसे बसवले होते. एका दगडावर बैल होता, तोही आडवा. एकाच्या देवळाचे दगड दुसऱ्याच्या देवळाला, आणि भिंत तरीही हजार वर्षं उभी. माझ्यातल्या इंजिनियरला हे आवडलं, म्हणून मी जवळ गेलो. दार उघडं होतं. आत अंधार, दोन-तीन तेलाचे दिवे आणि धुपाचा वास. तो वास आमच्या गावच्या देवीच्या गाभाऱ्यासारखाच होता, आणि मग जे झालं ते मी ठरवून केलं नाही.

आधी एक सांगायला हवं. मी देवळात जाणारा माणूस नाही. घरचे सगळे दर्शनाला जातात तेव्हा मी बाहेर उभा राहून चपला राखतो. इथे बेस्टजवळ मराठी मंडळींचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो, तिथेही माझी नेमणूक जोड्यांच्या रॅकपाशी असते आणि ती मला सोयीची वाटते. पण लहानपणी वडिलांबरोबर देवीला जायचो तेव्हाचा रिवाज हाडात मुरलेला आहे. आमच्या देवीच्या गाभाऱ्यात चामडं न्यायचं नाही. वडील पायरीवर बूट काढायचे, कमरेचा पट्टा काढायचे आणि चामड्याचं पाकीट बुटात पार पुढे बोटांच्या जागी सरकवून वरून मोजे कोंबायचे. म्हणायचे, चोराला मोज्यांचा वास पुरतो. आत जाऊन यायला पाच मिनिटं लागायची आणि पाकीट कधी गेलं नाही.

त्या चर्चच्या दारात मी बूट काढले. गळ्यातलं चामडी पाकीट काढलं. त्यात माझा पासपोर्ट होता, नेदरलँड्सचं रहिवासाचं कार्ड, बँकेची कार्डं आणि जवळचे सगळे पैसे. ते मी उजव्या बुटात पुढपर्यंत सरकवलं, वर मोजे कोंबले, बूट भिंतीला नीट लावून ठेवले आणि आत गेलो. आयुष्यभर बिघाडांची यादी करणारा माणूस परक्या शहरात पासपोर्ट रस्त्यावर ठेवून आत गेला, आणि त्याच्या मनाला शंका शिवली नाही. आज हे लिहितानाही माझं मलाच खरं वाटत नाही.

आत लाकडी खुर्च्या होत्या. निळा एप्रन बांधलेली एक जाडसर बाई, साठीच्या पुढची, मेणबत्त्यांचे विझलेले तुकडे काढत होती. तिने मान हलवली, मीही हलवली. मी खुर्चीत बसलो. प्रार्थना वगैरे केली नाही. पहाटे तीनपासून जागा होतो, त्याआधीचा पंधरवडा तर धड झोपच नव्हती. गार अंधारात बसल्यावर डोळे कधी मिटले ते कळलंच नाही. जाग आली तेव्हा पाऊण तास उलटला होता, बाई नव्हती, दार उघडंच होतं. बाहेर आलो तर भिंतीपाशी काहीही नव्हतं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. आधी मी चर्चला एक फेरी मारली, मग उलटी दुसरी. कोपऱ्यावर एक माणूस तिळाच्या गोल पावांची गाडी लावून उभा होता, त्याला विचारलं. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, पावांकडे पाहिलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, चावीवाली बाई पाच वाजता संध्याकाळच्या प्रार्थनेला येईल, पण चोरी झाली असेल तर पोलिसांकडे जा. बाईचा फोन नंबर त्याच्याकडे नव्हता. फोन माझ्या खिशात होता तेवढा वाचला. दूतावास रविवारी बंद असणारच, पण तातडीच्या नंबरावर एका गृहस्थांनी उचलला आणि फार सौजन्याने सांगितलं की पोलिसांचा दाखला घ्या, सोमवारी सकाळी या, प्रवासाचा तात्पुरता कागद मिळेल, त्याला एखाद-दुसरा दिवस धरून चाला. सोमवार अधिक दोन दिवस म्हणजे बुधवार. मंगळवार गेला, हे कळायला त्यापुढे मला कुठलीही यादी लागली नाही.

पोलीस ठाणं वीस-पंचवीस मिनिटांवर होतं. फोनवरून पैसे द्यायची सोय मी कधी करून घेतली नव्हती, कारण तिच्यावर माझा विश्वास नाही. त्यामुळे वाटेत दुकानादुकानांत चपला टांगलेल्या दिसत होत्या आणि मला एकही घेता येत नव्हती. अनवाणी चाललो. सावलीत फरशी गार, उन्हात चटका देणारी, मध्येच खडी. पर्यटक आधी पायांकडे आणि मग चेहऱ्याकडे बघायचे. माझी आई दर नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालते. मंडईत, बँकेत, लग्नाकार्यातही. मी तिच्याशी त्यावरून वाद घातले आहेत, जंतूंची आणि गंजलेल्या खिळ्यांची माहिती पाठवली आहे. त्या वर्षी पहिल्यांदाच ती नवरात्रात अंथरुणावर होती आणि तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. हे मला एका सिग्नलवर उभं असताना आठवलं. त्यातून मी काही अर्थ काढला नाही, पण तिथून पुढे पायांना दगड लागले तरी राग आला नाही, हे खरं आहे.

पोलिसांनी नीट ऐकून घेतलं. चामडं बाहेर का ठेवलं, हे मी समजावून सांगितलं तेव्हा लिहून घेणाऱ्या बाईंनी पेन थांबवलं, पण हसल्या नाहीत. दाखला घेऊन मी पुन्हा चर्चपाशी आलो तेव्हा चार वाजून गेले होते. विमान गाठायचं तर साडेपाचला इथून निघायला हवं होतं. मधल्या वेळात कुणीतरी दाराला कुलूप लावून गेलं होतं. मी पायरीवर बसलो आणि मंगलला फोन लावला.

 सगळं ऐकून ती म्हणाली, "दादा, आता मी आईला काय सांगू?" मी म्हणालो, इतक्यात काही सांगू नकोस. पण आई पलीकडच्याच पलंगावर होती आणि तिचे कान शाबूत आहेत. तिने फोन मागून घेतला.

"काय हरवलं?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"बरं. मग नाही जमलं तर नको येऊस. मी उद्या सही करते."

"अगं, पण तूच म्हणाली होतीस ना, मी आल्याशिवाय..."

"म्हणाले होते. पण मला भीती वाटत होती म्हणून तसं म्हटलं नव्हतं मी. मला कसली भीती, शहात्तर वर्षं झाली. तू घाबरला होतास. एवढे प्रश्न माणूस उगाच विचारतो का? म्हटलं, तू येशील, जवळ बसशील, जरा निवशील, मग मी आत जाईन. मी तुझ्यासाठी थांबले होते रे." तिला धाप लागली. मग म्हणाली, "आता सोड. काय व्हायचं ते माझं होईल. तू तिकडे काहीतरी खाऊन घे."

फोन बंद झाला. पंधरा दिवस मी असं धरून चाललो होतो की मी आईला सांभाळतो आहे. माझे प्रश्न, माझ्या फायली, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, हे सगळं तिला वाचवण्यासाठी आहे. आणि ती, निकामी होत चाललेल्या झडपेसकट, रोज धाप लागत असताना, माझी भीती उतरायची वाट बघत दिवस काढत होती. मला फार लाज वाटली. मी गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि रडलो. पावांची गाडीवाला कोपऱ्यावरून बघत होता, त्याचीही पर्वा वाटली नाही.

मग मी जे मनात म्हटलं ते पासपोर्टबद्दल नव्हतं. पासपोर्ट मिळू दे, विमान मिळू दे, असं काही नाही. मी म्हटलं, आता हे माझ्याच्याने होत नाही, तू बघ. 'तू' म्हणजे कोण ते मला माहीत नव्हतं. आमच्या गावची देवी की त्या कुलूप लावलेल्या दाराआडचा कुणी, की नुसती ती जुन्या दगडांची भिंत. पण म्हटलं ते खरं म्हटलं. पन्नाशी उलटली तरी याआधी असं कधी म्हटल्याचं आठवत नाही. गाडीवाल्याने येऊन एक पाव आणि पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवली आणि गाडीकडे परत गेला. आईने खायला सांगितलं होतं म्हणून मी खाल्लं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना गल्लीच्या तोंडाशी ती निळ्या एप्रनची बाई दिसली. एवढ्या जाड बाईच्या मानाने फार भरभर येत होती. तिच्या मागून एक चाळिशीचा माणूस, दाढीवाला, उन्हाने रापलेला, हातात माझे बूट. बाईने मला पाहिलं, माझे पाय पाहिले आणि स्वतःच्या कपाळावर फाटकन हात मारला. मग ती ग्रीकमध्ये जे बोलू लागली ते थांबेना. माणसाने शर्टाच्या आतून माझं चामडी पाकीट काढलं, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि हिंदीत म्हणाला, "भाईजान, इंडिया के हो ना? पासपोर्ट जूते में कौन रखता है?"

"हमारे यहाँ मंदिर में चमड़ा नहीं ले जाते," मी म्हणालो.

तो गंभीरपणे म्हणाला, "जूते तो हम भी मस्जिद के बाहर रखते हैं. मगर पासपोर्ट साथ ले जाते हैं."

मग त्याच्या तोंडून बाईचं म्हणणं कळलं. दर रविवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर लोक वापरलेले कपडे आणि बूट त्या भिंतीपाशी ठेवून जातात. बाई ते पोत्यात भरते आणि पलीकडच्या वस्तीतल्या एका हॉलमध्ये घेऊन जाते. तिथे दुपारी गरजूंना वाटप होतं. देवाच्या दारात बूट काढून आत बसायची पद्धत तिच्या स्वप्नातही नव्हती. मी खुर्चीत झोपलेला तिने पाहिला होता, पण पुढच्या खुर्च्यांआड माझे पाय दिसले नाहीत. मला उठवायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून दार उघडं टाकून गेली आणि मागाहून कुलूप लावायला शेजाऱ्याला सांगून ठेवलं. थोडक्यात, माझ्यावर दया करूनच तिने माझे बूट नेले होते.

तो माणूस पाकिस्तानातल्या पंजाबचा. शहराबाहेर संत्र्यांच्या बागांत मजुरी करत होता आणि त्याच्या मापाचे बूट मिळतात का म्हणून तीन रविवार हॉलमध्ये येऊन रिकाम्या हाताने परत जात होता. आज मिळाले. उजव्या बुटात पाय घातला तर अंगठ्याला काहीतरी टोचलं. "खोलके देखा तो पासपोर्ट था," तो म्हणाला. "मेरे पास अपना कोई कागज़ नहीं है, भाईजान. कागज़ खोने का मतलब मैं जानता हूँ." पोलिसांकडे जाण्यासारखी त्याची स्थिती नव्हती. त्याने बाईला दाखवलं, बाईला फोटोवरून मी आठवलो, आणि दोघं तसेच निघाले. वस्तीपासून तिथपर्यंत पाऊण तास चालत आले होते.

मी पाकीट उघडून पाहिलं नाही. ते माझ्या शिष्टाचारामुळे नव्हे, मला ते सुचलंच नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की माझी आई आजारी आहे आणि हे मिळालं नसतं तर मी तिच्यापर्यंत पोचलो नसतो. तो बूट माझ्यापुढे ठेवू लागला. मी म्हटलं, हे तुमचे आहेत. तो म्हणाला, तुम्ही ते दिले कुठे होते, चुकून आले. मी म्हटलं, आता देतो. त्याने बराच वेळ आढेवेढे घेतले. मग खाली बसून आपल्या पायातल्या सपाता काढल्या. एकीचा पट्टा सुतळीने शिवलेला होता. त्या माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "माँ के पास नंगे पाँव जाओगे?" त्या मला एक बोटभर मोठ्या झाल्या. बाईने दार उघडलं, आतून एक मेणबत्ती आणून माझ्या हातात दिली आणि खुणेने विचारलं, नाव काय. माझं नव्हे, आईचं. मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, तिच्या जिभेला जमेल तसं, आणि मी मेणबत्ती दाराजवळच्या तबकातल्या वाळूत रोवली. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं. साडेपाचला मी मेट्रोत होतो, आणि नाव विचारलं नाही हे पुढच्या स्टेशनवर लक्षात आलं.

याला चमत्कार म्हणावं असा माझा आग्रह नाही. बुटात पाय घातला की पाकीट लागणारच, आणि माणसं प्रामाणिक असतात, हे माझ्या कारखान्यातल्या कुणालाही पटेल. कुठला बूट कुठल्या पायाला बसावा आणि तो पाय कुणाचा असावा, याचा हिशेब मी एकदा करून पाहिला आणि अर्ध्यात सोडला. मी एवढंच सांगू शकतो की त्या दिवशी जे जे मी सांभाळून ठेवलं होतं ते गेलं, आणि जे आलं ते मी सांभाळलेलं नव्हतं.

सोमवारी दुपारी त्या सपाता घालून मी पुण्याच्या हॉस्पिटलात पोचलो. मंगलने पायांकडे बघून डोळे मोठे केले, पण गळ्यात पडली. आईला मी सगळी हकीकत सांगितली. वाटलं होतं, ती देवीचं नाव घेईल, हात जोडेल. तिने विचारलं, "बूट दिलेस ना त्याला?" दिले म्हटल्यावर म्हणाली, "मग झालं." संध्याकाळी डॉक्टर आले. तुम्हाला बरंच काही विचारायचं होतं ना, असं त्यांनी हसून म्हटलं. मी म्हणालो, तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा. त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. आईने सही केली, खाली मी केली.

मंगळवारी सकाळी तिला आत नेलं. त्या दारापर्यंत मी तिचा हात धरून चाललो आणि तिथे सोडला. सोडताना जड गेलं, पण सोडला. मंगल देवीचा जप करत होती. मी खुर्चीवर बसलो. फोन काढला नाही, कुणाला काही विचारलं नाही, घड्याळाकडे फार वेळा पाहिलं नाही. भीती होती, पण ती आता माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर नव्हती. ऑपरेशन फसलं असतं तर मी हे लिहिलं असतं का, असं मला सईने नंतर विचारलं. माहीत नाही, असं मी तिला खरं खरं सांगितलं. पण ऑपरेशनच्या त्या चार तासांत मला जे मिळालं ते निकाल लागायच्या आधीच मिळालं होतं. त्यासाठी मी त्या बाईचा, त्या बिननावाच्या भावाचा, आणि पायरीवर बसून ज्याला 'तू' म्हटलं त्याचा ऋणी आहे. आपल्या हातून सगळं सुटलं की खाली कुणीतरी हात धरलेला असतो, एवढं मी आता मानतो. तो कुणाचा ते विचारत नाही.

तिसऱ्या दिवशी आईला बोलण्याइतकी ताकद आली. नळ्या निघाल्या होत्या, आवाज घोगरा होता. मी उशी सारखी करत होतो.

"मला आत नेल्यावर तू बाहेर काय करत होतास?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "नुसता बसलो होतो."

तिने मान माझ्याकडे वळवली.

"जमलं की मग," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.